एम२७२ इंजिनाची जुनी मर्सिडीज: 'चेन बदलली आहे' यावर किती विसंबावे?

प्रश्न: सहा_सिलिंडर

नमस्कार. मर्सिडीज-बेंझची २००६ सालची ई ३५० घेण्याचा विचार बरेच दिवस मनात घोळत होता आणि आता एक गाडी प्रत्यक्ष पाहून, चालवून आलो आहे. गाडी एकाच मालकाकडे राहिलेली असून १,१८,००० किलोमीटर चालली आहे. सर्व्हिसच्या नोंदी बऱ्यापैकी सलग आहेत, थंड इंजिन कसलाही खडखडाट न करता सुरू झाले आणि चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून नंतर नीट विझला. बॉनेटखालचा भाग मात्र इतका लख्ख धुतलेला होता की समाधान वाटण्याऐवजी शंकाच आली.

या गाडीत ३.५ लिटरचे एम२७२ हे व्ही-६ पेट्रोल इंजिन आहे आणि त्यातील बॅलन्स शाफ्टचे (कंपन मारणाऱ्या दांड्याचे) दातेरी चाक झिजते, असे अनेक ठिकाणी वाचले. विक्रेत्याला विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, दोन वर्षांपूर्वी टायमिंग चेन (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) बदलून घेतली असल्याने तो प्रश्न कायमचा मिटला आहे. बिलही दाखवले. चेन नवी असेल तर खरोखरच निर्धास्त राहता येते का? नसेल, तर इंजिन न उघडता ही झीज ओळखण्याची काही खात्रीशीर पद्धत आहे का? त्याखेरीज या इंजिनाची मूळ वैशिष्ट्ये आणि वयोमानाने उद्भवणारी इतर दुखणी कोणती, हेही जाणकारांनी सांगितल्यास निर्णय घेणे सोपे जाईल.

उत्तर १: तेलकट_हात

विक्रेता खोटे बोलत असेल असे नाही. चेन खरोखर बदललेलीही असेल. पण चेन बदलणे आणि बॅलन्स शाफ्टचे चाक बदलणे ही दोन सर्वस्वी वेगळी कामे आहेत, आणि पहिल्याच्या बिलावरून दुसऱ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. हे नीट कळण्यासाठी इंजिनाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

एम२७२ हे इंजिन २००४ मध्ये एसएलके ३५० या गाडीतून प्रथम आले. त्याआधीच्या एम११२ मध्ये प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग होते. नव्या इंजिनात चार व्हॉल्व्ह आणि एकच प्लग आला, आणि दोन्ही बाजूंच्या इनटेक व एक्झॉस्ट अशा चारही कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) टायमिंग चालत्या इंजिनात बदलण्याची सोय झाली. ३.५ लिटरच्या इंजिनाची क्षमता ३४९८ घन सेंटिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास ९२.९ मिलिमीटर, स्ट्रोक ८६ मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन रेशो १०.७ : १ असून, मिनिटाला ६००० फेऱ्यांना २०० किलोवॅट म्हणजे २७२ अश्वशक्ती आणि २४०० ते ५००० फेऱ्यांच्या दरम्यान ३५० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. (अश्वशक्तीचा आकडा आणि इंजिनाचा सांकेतिक क्रमांक जुळतो हा निव्वळ योगायोग, २.५ आणि ३ लिटरची इंजिनेही एम२७२ च आहेत आणि त्यांची शक्ती अनुक्रमे २०४ व २३१ अश्वशक्ती आहे.) चालवताना सर्वांत जास्त जाणवतो तो टॉर्कचा हा लांबलचक सपाट पट्टा. टर्बो नसलेले इंजिन इतक्या खालून इतके मोकळेपणाने ओढते याचे श्रेय मुख्यतः चारही कॅमशाफ्टच्या समायोजनाला आणि दोन लांबींच्या इनटेक मॅनिफोल्डला जाते.

आता दुखण्याचे मूळ. सिलिंडरच्या दोन रांगांमधला कोन इथे ९० अंश आहे. व्ही-८ साठी तो कोन अगदी योग्य, पण व्ही-६ ला ६० अंशच मानवतात. व्ही-८ आणि व्ही-६ यांची रचना आणि यंत्रसामग्री सामाईक ठेवायची म्हणून एम११२ च्या वेळीच हा कोन स्वीकारला गेला होता. क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पिना ३० अंशांनी सरकवून स्फोटांचे अंतर सारखे करता येते, परंतु क्रँकशाफ्टच्याच वेगाने इंजिनाला पुढून-मागून डोलवणारे कंपन शिल्लक राहते. ते मारण्यासाठी दोन रांगांच्या मधल्या दरीत एक बॅलन्स शाफ्ट बसवलेला असतो आणि तो क्रँकशाफ्टच्या वेगाने, पण उलट दिशेने फिरतो. त्याला फिरवणारी चेन म्हणजे कॅमशाफ्ट फिरवणारी तीच मुख्य टायमिंग चेन.

सुरुवातीच्या उत्पादनात या शाफ्टच्या पुढच्या टोकाचे दातेरी चाक सिंटर केलेल्या, म्हणजे धातूची पूड दाबून आणि तापवून घडवलेल्या पोलादाचे होते आणि ते पुरेसे कठीण ठरले नाही. चेन त्याचे दात हळूहळू खाते. असे एक काढलेले चाक माझ्या बाकावर बराच काळ पडून होते. नव्या चाकाचा दात दोन्ही अंगांनी सारखा, गोलसर टोकाचा असतो. या चाकाचे दात एका अंगाने पोखरले जाऊन टोकाला मांजराच्या नखासारखे वळलेले होते आणि बोट फिरवले तर ते अडकत असे. चेनचा एकही दुवा मात्र बिघडलेला नव्हता. दात जितके झिजतात तितकी चेन त्या वळणावर आत सरकते आणि एका बाजूच्या दोन्ही कॅमशाफ्टचे क्रँकशाफ्टशी असलेले नाते काही अंशांनी बिघडते.

आणि म्हणूनच 'चेन बदलली' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. चेन बदलताना बहुतेक ठिकाणी पुढचे कव्हर उघडतच नाहीत. वरून जुन्या चेनचा एक दुवा तोडतात, त्याला नवी चेन जोडतात, क्रँकशाफ्ट हाताने फिरवत नवी आत ओढून घेतात, जुनी बाहेर काढतात आणि शेवटी दुवा रिव्हेट करतात. पद्धत चुकीची नाही, पण बॅलन्स शाफ्टचे चाक त्यात डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. चाक बदलायचे तर शाफ्टच बदलावा लागतो आणि त्यासाठी इंजिन गाडीतून बाहेर काढावे लागते. तेव्हा बिलावर 'बॅलन्स शाफ्ट' हे शब्द आहेत का आणि इंजिन उतरवल्याची मजुरी लावलेली आहे का, एवढेच पाहा. नसेल, तर नवी चेन झिजलेल्या दातांवर फिरत असण्याची शक्यता पूर्णपणे खुली आहे.

उत्तर २: शांत_स्टिअरिंग

वरचे विवेचन उत्तम आहे, तरी मला ही भीती काहीशी अवास्तव वाटते. ही खोट केवळ आरंभीच्या गाड्यांत होती आणि २००७ पासूनच्या गाड्यांत सुधारित चाक आले. माझा सल्ला असा की प्रश्नकर्त्यांनी २००६ ची गाडी सोडून सरळ २००७ ची शोधावी, म्हणजे एवढ्या तपासण्यांची गरजच पडणार नाही. किंवा थोडे पुढे जाऊन २०१० नंतर आलेले एम२७६ इंजिन पाहावे. त्यातील कोन ६० अंशांचा असल्यामुळे बॅलन्स शाफ्टच नाही.

उत्तर ३: तेलकट_हात

शांत_स्टिअरिंग यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पहिल्याशी नाही. गाडीच्या नोंदणीचे वर्ष, मॉडेलचे वर्ष आणि इंजिन तयार झाल्याची तारीख या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असतात. २००६ च्या उत्तरार्धात बनलेले जुन्या चाकाचे इंजिन २००७ च्या गाडीत सहज सापडते, आणि २००६ च्या शेवटी बनलेल्या गाडीत सुधारित चाकही असू शकते. वर्षावर जाऊ नये, इंजिन क्रमांकावर जावे. क्रमांकाची सुरुवात २७२ ९ ने होते, पुढे ३० आणि मग सहा आकडे येतात. हे शेवटचे सहा आकडे ४६८९९३ पर्यंत असतील तर इंजिन संशयित गटातले, त्यापुढचे असतील तर सुधारित चाकाचे. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक गाडीत वाचणे अवघड जाते. चासी क्रमांकावरून मिळणाऱ्या मूळ डेटा कार्डावर तो छापलेला असतो. याच घराण्यातील एम२७३ या व्ही-८ मध्ये बॅलन्स शाफ्ट नाही, पण त्याच जागी चेन वळवणारे एक चाक आहे आणि तेही तसेच झिजते. तिथे मर्यादा ०८८६११ ही आहे.

मात्र संशयित गटातले प्रत्येक इंजिन बिघडतेच असे नाही, आणि एखाद्याचे काम आधीच झालेलेही असू शकते. शाफ्ट बदलला तरी ब्लॉकवरचा क्रमांक तोच राहतो. त्यामुळे क्रमांकाने शंका घ्यायची आणि तपासणीने ती फेडायची, हा क्रम ठेवावा.

तपासणी इंजिन न उघडता होते. दोन्ही सिलिंडर हेडच्या पुढच्या अंगाला प्रत्येकी दोन असे चार कॅमशाफ्ट सेन्सर असतात. ते काढले की चार लहान गोल छिद्रे मोकळी होतात आणि आत सेन्सरला संकेत देणारी चाके दिसतात. क्रँकशाफ्ट त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवत पुढच्या पुलीवरील ३०५ अंशांची खूण स्थिर खुणेसमोर आणायची. टायमिंग बिनचूक असेल तर चारही छिद्रांत आतल्या चाकाची खूण मध्यावर दिसते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे पहिल्या फेरीत खूण दिसलीच नाही तर घाबरून न जाता आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. खूण थोडी पुढे गेली म्हणून क्रँकशाफ्ट उलटा मात्र फिरवू नये. चेन सैल पडते आणि जे दिसते ते फसवे असते.

निदानाचा गाभा दोन बाजूंच्या तुलनेत आहे. चारही खुणा सारख्याच मागे पडलेल्या दिसल्या तर चेन लांबल्याचा संशय घ्यावा. एका बाजूच्या दोन्ही खुणा मध्यावर आणि दुसऱ्या बाजूच्या दोन्ही कडेला सरकलेल्या असतील, तर दोष जवळजवळ निश्चितपणे बॅलन्स शाफ्टच्या चाकाचा. चारांपैकी एकच खूण चुकीची असेल तर त्या कॅमशाफ्टचे टायमिंग बदलणारा अॅडजस्टर पाहावा.

दिवा पेटलेला नाही, यावर मात्र जाऊ नये. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) ठरावीक मर्यादेपर्यंतचा फरक खपतो आणि ती ओलांडली की मगच तो दिवा पेटवतो. तोवर झीज बरीच पुढे गेलेली असते. साध्या स्कॅनरवर पी००१६ ते पी००१९ यांपैकी कोड येतात, कंपनीच्या स्कॅनरवर बहुधा १२०० आणि १२०८. हे कोड 'कॅमशाफ्ट सेन्सर' या शब्दांजवळ जाणारे असल्यामुळे पुष्कळ लोक सेन्सर बदलत बसतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचे सेन्सर दुसऱ्या एका गॅरेजने दोनदा बदलले होते आणि तिसऱ्यांदा बदलण्याची तयारी चालली होती. सेन्सर बिचारा जे दिसते तेच सांगत होता.

उत्तर ४: नऊ_वर्षे_एकच_गाडी

याच घराण्यातील ३ लिटरचे इंजिन मी दीर्घकाळ वापरत आहे, म्हणून बॅलन्स शाफ्ट सोडून उरलेल्या गोष्टींबद्दल लिहितो. बॉनेटखालचा भाग धुतलेला दिसला, या तुमच्या शंकेत तथ्य आहे. या इंजिनाचे वय तेलाच्या ओलीवरूनच वाचता येते आणि तीच ओल पुसून टाकलेली आहे. गाडी घेण्यापूर्वी ती तासभर चालवून, नंतर पुन्हा बॉनेट उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅमशाफ्टच्या रेषेत जी गोल प्लॅस्टिकची बुचे ठोकलेली असतात, त्यांच्या कडेने कालांतराने तेल पाझरते. थेंब गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येतो, तो सिग्नलला थांबल्यावर एसीतून आत शिरतो. बुचे स्वस्त आणि काम सोपे. पुढच्या अंगाला ऑइल कूलरच्या गॅस्केटमधून गळणारे तेल खाली ओघळत येते आणि पाहणारा पुढचे कव्हर गळत असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. वरपासून खालपर्यंत ओघळ शोधल्याशिवाय कोणतेही गॅस्केट बदलू देऊ नये.

याहून गंभीर, पण कमी दिसणारी गळती म्हणजे कॅमशाफ्ट अॅडजस्टरच्या चार मॅग्नेटमधली. तेल मॅग्नेटच्या आतून त्याच्या कनेक्टरमध्ये येते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे तांब्याच्या बारीक तारांमधून वर चढत जाते. हे तेल हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) थेट ईसीयूच्या सॉकेटपर्यंत पोहोचू शकते, आणि ईसीयू या इंजिनाच्या माथ्यावरच बसवलेला आहे. चारही कनेक्टर एकेक करून काढून आतल्या पिना पाहाव्यात. पांढरा कागद टेकवला की पुरते. डाग उमटला तर मॅग्नेट बदलावेत आणि मॅग्नेट व मूळ हार्नेस यांच्यामध्ये तेल अडवणारी छोटी जोड-वायर लावून घ्यावी. वेळीच केले तर हा किरकोळ खर्च आहे. उशिरा केले तर हार्नेस आणि ईसीयू दोन्हींवर येते, आणि ईसीयू त्या विशिष्ट गाडीशी संकेताने बांधलेला असल्यामुळे दुसऱ्या गाडीचा काढून लावला असेही करता येत नाही.

इनटेक मॅनिफोल्डबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. त्याचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, पण आतल्या झडपा हलवणाऱ्या दांड्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि उष्णतेने ठिसूळ होऊन त्या तुटतात. तेव्हा पी२००४ किंवा पी२००६ असा कोड येतो आणि खालच्या फेऱ्यांतला ओढ कमी झाल्यासारखा वाटतो. गाडी मात्र चालत राहते, त्यामुळे मालक महिनोन्महिने दुर्लक्ष करतात. अॅल्युमिनियमच्या दांड्या सुट्या मिळतात. मॅनिफोल्ड न बदलता केवळ त्या बसवाव्यात का, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की झडपांचा दांडा हाताने हलवल्यावर त्याच्या बेअरिंगमध्ये खेळ जाणवत नसेल तर दांड्या पुरेशा आहेत; खेळ असेल तर नवी दांडीही फार दिवस टिकत नाही.

थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन पुरते तापत नाही, ही आणखी एक नेहमीची तक्रार आहे, पण ती काट्यावरच दिसते. तेल मात्र ८ लिटर लागते आणि ते एमबी २२९.५ या मानकाचेच घालावे. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचे. शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावर तेल पाच-सहा लिटरच लिहिलेले आढळले, तर त्या गॅरेजच्या बाकी नोंदींवर किती विश्वास ठेवायचा हे आपोआप ठरते.

उत्तर ५: शांत_स्टिअरिंग

इंजिन क्रमांकाबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. मी मॉडेलच्या वर्षालाच प्रमाण मानत होतो. एम२७६ विषयी एक भर घालतो, कारण मी ते सुचवले आणि त्याची उणी बाजू सांगितली नाही. त्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधले तेल खाली उतरलेले असल्यामुळे काही सेकंद खडखडाट होतो. त्यावर उपाय उपलब्ध आहेत आणि ते इंजिन उतरवण्याइतके अवघड नाहीत.

सहा_सिलिंडर

सर्वांचे आभार. डेटा कार्ड मिळवले. इंजिन क्रमांक मर्यादेपेक्षा साधारण सहा हजारांनी कमी, म्हणजे संशयित गटातला आहे. चेनच्या बिलावर चेन, जोडदुवा आणि टेन्शनर एवढेच आहे, मजुरी एका दिवसाची आहे आणि बॅलन्स शाफ्टचा उल्लेख कुठेही नाही. विक्रेत्याने तपासणीला हरकत घेतली नाही, उलट स्वतः तिथे उभा राहिला.

पुली ३०५ वर आणून चारही सेन्सर काढले. एका बाजूच्या दोन्ही छिद्रांत खूण अगदी मधोमध होती. दुसऱ्या बाजूला दोन्ही खुणा छिद्राच्या कडेकडे सरकलेल्या दिसल्या. इनटेकची जेमतेम अर्धी दिसत होती. खात्रीसाठी दोन फेऱ्या देऊन पुन्हा ३०५ वर आणले, चित्र तेच राहिले. स्कॅनरवर एकही कोड नव्हता. मॅग्नेटच्या चारपैकी दोन कनेक्टरमध्ये तेल आहे, मागची बुचे नुकतीच पुसलेली दिसली तरी तासाभरात पुन्हा ओलसर झाली, मॅनिफोल्डच्या दांड्या शाबूत आहेत. इंजिन उतरवण्याचा संपूर्ण खर्च किमतीतून वजा करायला विक्रेता तयार आहे. अशा स्थितीत गाडी घेणे शहाणपणाचे होईल का?

तेलकट_हात

खर्च खरोखर वजा होत असेल आणि गाडीचा बाकीचा भाग चांगला असेल तर मी घेईन. आता निदान संदिग्ध राहिलेले नाही, आणि काम एकदा नीट झाले की हा दोष परत येत नाही. मात्र काम होईपर्यंत गाडी वापरू नका. दिवा पेटलेला नाही म्हणून अजून वेळ आहे असे वाटेल, परंतु दातांतून निघालेली पोलादी पूड तेलात जाते आहे. फिल्टर काढला की तो कापून त्याच्या घड्यांवर चुंबक फिरवा, म्हणजे किती गेली ते कळेल.

इंजिन खाली आलेच आहे तर सुधारित बॅलन्स शाफ्टबरोबर चेन पुन्हा नवीच घाला. दोन वर्षांची असली तरी ती झिजलेल्या दातांवर फिरलेली आहे आणि ती नव्या चाकावर चढवण्यात हशील नाही. टेन्शनर, चेनचे गाइड, मागची बुचे, ऑइल कूलरचे गॅस्केट, इंजिनाचे माउंट आणि चारही मॅग्नेट हे सगळे त्याच वेळी हाताशी असते. यातले एकही काम नंतर एवढ्या सहज होणार नाही. जोडणी संपल्यावर इंजिन गाडीत चढवण्याआधी क्रँकशाफ्टला हाताने दोन पूर्ण फेऱ्या देऊन पुली पुन्हा ३०५ वर आणायला लावा आणि तुम्ही स्वतः चारही छिद्रांत टॉर्च मारून पाहा. चारही खुणा मधोमध दिसल्या, तरच सेन्सर परत बसवू द्या.